नऊ महिने आणि तीन मॅप: आरसी ३९० चं इंजेक्शन ट्युनिंग

गाडी २०१८ ची केटीएम आरसी ३९०. ३७३ सीसी, एकच सिलिंडर, कंपनीच्या कागदावर साधारण ४३ हॉर्सपॉवर. माझ्याकडे चार वर्षं आहे. रोज सातारा-कोरेगाव जाऊन-येऊन आणि रविवारी यवतेश्वर, कास नाहीतर पसरणीचा घाट. गेल्या नोव्हेंबरात फ्युएल कंट्रोलर, म्हणजे इंजिनला जाणारं पेट्रोल कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स, बसवला, त्यावर आता नऊ हजार किलोमीटर झाले. पॉवर वाढावी म्हणून बसवला होता. पॉवर थोडी वाढली, पण आज कुणी बॉक्स काढ म्हणालं तर मी काढणार नाही, ते वेगळ्याच कारणासाठी.

कोरेगावच्या रस्त्यावर हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, वेग वीसचा, समोरून एसटी येतेय म्हणून ओव्हरटेक मिळत नाही. तिथं दुसऱ्या गिअरमध्ये, तीन हजार आरपीएमच्या आसपास, गाडी नुसती गचके मारायची. थ्रॉटल सोडला की पुढं ढकलल्यासारखं व्हायचं, जरा दिला की उडी. चेन खडखड करायची आणि क्लच दाबून दाबून डावं मनगट भरून यायचं. ८९ मिलिमीटरचा एकच मोठा पिस्टन आणि प्रदूषणाच्या नियमासाठी खाली लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) ठेवलेलं मिश्रण, दोन्ही एकत्र आलं की असं होतं. सर्व्हिसला दिली की चेन ताणून, थ्रॉटल बॉडी साफ करून परत मिळायची. चार दिवस बरं वाटायचं.

या पिगीबॅक (मूळ यंत्रणेवर वरून जोडलेल्या) बॉक्सचं काम तसं सोपं आहे. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आरपीएम, थ्रॉटल, हवेचा दाब आणि तापमान बघून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. ९००० आरपीएमला फोर स्ट्रोक इंजिनच्या एका पूर्ण चक्राला (क्रँकचे दोन फेरे) सुमारे १३ मिलिसेकंद मिळतात, सगळा खेळ तेवढ्यात. बॉक्स ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये बसतो आणि तो वेळ टक्क्यांनी कमी-जास्त करतो. आडवे रकाने थ्रॉटलचे, उभे आरपीएमचे, प्रत्येक घरात एक आकडा, हा तक्ता म्हणजे मॅप. टक्केवारी असल्यामुळं एक फायदा होतो: उंचीची दुरुस्ती ईसीयू आधीच करतो आणि आपले टक्के त्यावर चढतात. साताऱ्यात केलेला मॅप १३०० मीटरच्या वर महाबळेश्वरलाही तसाच चालला, कराडलाही.

पहिला मॅप मात्र विकणाऱ्यानं तयार टाकून दिला होता, ‘या मॉडेलला हाच चालतो’ म्हणून. पहिल्या दिवशी खंबाटकीला गाडी खरंच जोरात वाटली. रिच (पेट्रोल जास्त) मिश्रणात थ्रॉटलला गाडी मऊ होते, आवाज जड होतो आणि आपण खूश होतो. तिसऱ्या आठवड्यात अॅव्हरेज २७ वरून १९ वर आलं. प्लग काढला तर टोक काजळीनं काळं, बोट लावलं तर कोरडी काजळी बोटाला. ऑइल भरायचं झाकण उघडून नाकाशी धरलं तर पेट्रोलचा वास. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करत होतं. त्याच दिवशी ऑइल बदललं आणि मॅप शून्यावर आणला. तेव्हाच ठरवलं, इथून पुढं मोजल्याशिवाय एक टक्काही हलवायचा नाही.

मोजायचं म्हणजे वाइडबँड सेन्सर. गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर फक्त ‘आदर्श मिश्रणाच्या अलीकडे की पलीकडे’ एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. वाइडबँड आकडा देतो. त्यासाठी सायलेन्सरच्या पाइपवर, कॅटॅलिटिकच्या आधी, १८ मिलिमीटर आट्याचा बंग (सेन्सर फिरवून बसवायची रिंग) वेल्ड करावा लागतो. एमआयडीसीतल्या वेल्डरकाकांनी पाइप हातात घेतला, खालून-वरून बघितला आणि विचारलं, “दादा, एवढ्या चांगल्या पाइपला भोक पाडायचं?” मग स्टेनलेसची टिग मारून इतकं स्वच्छ काम दिलं की अजून एक थेंब गळत नाही. जागा नीट निवडा. सेन्सर आडव्याच्या वर थोडा तिरका हवा, नाहीतर पाइपमधलं पाणी त्यात साचून तो जातो.

आता जी गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती ती. सावकाश चालताना ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये असतो, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून स्वतः मिश्रण सुधारतो. तुम्ही बॉक्समधून ६ टक्के पेट्रोल वाढवलं की सेन्सर ‘रिच’ म्हणतो आणि ईसीयू तेवढंच कापतो. मी दोन शनिवार खालच्या रकान्यांत आकडे वाढवत बसलो होतो आणि गचके जागच्या जागी. वर हे कापणं ईसीयूच्या लक्षात राहतं आणि फुल थ्रॉटललाही थोडं पेट्रोल कमी पडायला लागतं. उपाय दोनच: ते रकाने शून्य ठेवा, किंवा सेन्सरच्या वायरीवर ऑप्टिमायझर लावा, जो क्लोज्ड लूपचं लक्ष्यच १४.७ (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) वरून साडेतेराच्या आसपास आणतो. मी तो लावला. ट्रॅक्टरमागचे गचके गेले ते यानं, मॅपनं नाही.

दुसरा मॅप मी लॉग बघून स्वतः केला, तिसरा पुण्यात डायनोवर (रोलरवर गाडी पळवून पॉवर मोजणारं यंत्र). अर्ध्या थ्रॉटलला चार ते पाच हजारांच्या मध्ये वाइडबँड लॅम्डा १.०३ दाखवत होता, म्हणजे लीन (आदर्श मिश्रणाला लॅम्डा १, वर लीन, खाली रिच). नेमकी घाटात वळणातून बाहेर पडताना लागते ती जागा. तिथं ७ टक्के वाढवले, वर आठ हजारांच्या पुढं उलट २ टक्के कमी केले, फुल थ्रॉटलला लॅम्डा ०.८८ वर आणला. चाकावरची पॉवर ३७.६ वरून ३९.८. दोन हॉर्सपॉवरसाठी बॉक्स, सेन्सर, वेल्डिंग आणि डायनो धरून तीस हजारांच्या वर गेले. नुसता टॉप स्पीड हवा असेल तर हा सौदा तोट्याचा आहे, हे स्पष्ट सांगतो. पण यवतेश्वरच्या वळणांत पूर्वी दुसरा टाकावा लागायचा तिथं आता तिसऱ्यात गाडी ओढते, तेही दचका न देता. अॅव्हरेज २४ वर स्थिरावलं.

इग्निशनच्या टायमिंगला मी हात लावला नाही. कॉम्प्रेशन बाराच्या वर आहे, साध्या पंपावरचं पेट्रोल भरायचं आणि चढावर इंजिन तापलेलं. अर्ध्या हॉर्सपॉवरसाठी नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून इंजिनला ठोके बसण्याची) भीती मला नको.

जुलैत कासच्या पावसात गाडी एकदा बंद पडली. घाटातच, धुकं दाटलेलं, स्टार्टर फिरतोय पण फायर नाही. बॉक्सच्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीत) पाणी गेलं होतं. सीटखाली कंपनीचे मूळ कपलर मोकळे ठेवले होते, बॉक्स बाजूला करून ते थेट जोडले आणि दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. म्हणून वायरिंग कापून जोड मारणाऱ्याकडून फिटिंग करून घेऊ नका. कपलर टू कपलर हार्नेसच घ्या, प्रत्येक कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, आणि बॉक्सच्या वायरी खालून आत येतील असं वळण द्या.

पेट्रोलबद्दल एक. आपल्याच शिवारातल्या उसाचं इथेनॉल आता पंपावर २० टक्के येतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून ई१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) वर बसवलेल्या मॅपला ई२० वर तीन-चार टक्के पेट्रोल कमी पडतं. क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू ते भरून काढतो, फुल थ्रॉटलला नाही. त्यामुळं जुने आकडे विसरा आणि वाइडबँडवर लॅम्डाच वाचा, एअर-फ्युएलचा आकडा इंधन बदललं की फसवतो.

आयडलचे रकाने शून्य आहेत, पीयूसी सगळ्या फिटिंगसकट घेतली आणि पास झाली. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आणि विमा यांचा विचार मात्र ज्यानं-त्यानं बसवण्याआधी करावा. वॉरंटीतल्या गाडीला मी तर लावणार नाही.

माझी मॅपची फाइल बरेच जण मागतात. देत नाही, कारण तुमचा फिल्टर, तुमचा इंजेक्टर, तुमची झिजलेली गाडी वेगळी. डायनोला जाताना काय करावं ते सांगतो: फिल्टर आणि प्लग नवे, चेनला तेल, मागच्या टायरमध्ये बरोबर हवा, आणि टाकी रोजच्या पंपावरच भरून निघा. मी सकाळी सहाला पोवई नाक्यावरून निघालो होतो, नऊच्या आधी पोचलो, इंजिन थंड होईपर्यंत तासभर थांबलो आणि मगच गाडी पट्ट्यांनी बांधू दिली.