‘पोर्ट केलंय दादा’ म्हणाला, आणि आईच्या पॉलिसीची 13 वर्षं गेली

2019 मध्ये बाबा ॲडमिट होते, तेव्हा कळलं की आमच्या 3 लाखांच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीत खोलीचं भाडं दिवसाला 3,000 पर्यंतच मिळतं. आम्ही 5,000 ची खोली घेतलेली. वाटलं, वरचे 2,000 आपण भरू. पण कंपनीने डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळंच त्या हिशेबाने कापलं. शंभरातले साठच मिळाले. तो राग डोक्यात होता, म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये आमच्याच सोसायटीतला एजंट "दादा, आईंना 10 लाखांचं कव्हर, खोलीला मर्यादाच नाही" म्हणाला तेव्हा मी विरघळलो.

मुलगा परका नव्हता. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला यायचा, आईच्या हातचे पोहे खाऊन जायचा.

आईची जुनी पॉलिसी 2011 ची. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, जुनी वर्षं धरतील ना? "पोर्ट करतोय दादा, सगळं कंटिन्यू होतं." पोर्ट म्हणजे जुनी वर्षं धरून पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेणं. नूतनीकरणाला तेव्हा आठ दिवस राहिले होते. पोर्टिंगचा अर्ज निदान 45 दिवस आधी द्यावा लागायचा, हे मला फार उशिरा कळलं. त्याला नक्कीच माहीत असणार. आईच्या मोबाइलवर ओटीपी आला, मी ऑफिसातून फोन करून तो तिच्याकडून घेतला आणि त्याला पाठवला. कंपनीच्या लेखी ती आमची सही होती.

ऑक्टोबर 2025 मध्ये आईची अँजिओप्लास्टी झाली. कॅशलेस नामंजूर. कारण: रक्तदाब जुना आजार, त्याचा प्रतीक्षा काळ (म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो) 3 वर्षांचा, पॉलिसी 20 महिन्यांची. शिवाय आजार लपवल्याचा ठपका. त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा पॉलिसीची पीडीएफ शेवटपर्यंत उघडली. मागे प्रस्ताव अर्जाची प्रत जोडलेली असते. त्यात, ‘पूर्वीची पॉलिसी: नाही. रक्तदाब: नाही.’ आईच्या गोळ्यांचा डबा पोह्यांच्या बशीशेजारीच असायचा हो!

म्हणजे पोर्ट वगैरे काही झालंच नव्हतं. नवीकोरी पॉलिसी काढली आणि जुनी आम्ही आपल्या हाताने बंद पडू दिली. जुनीत सगळे प्रतीक्षा काळ कधीच संपले होते. आणि पॉलिसी सलग 5 वर्षं चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, कंपनीला ‘लपवलंत’ म्हणून दावा नाकारता येत नाही. आमची तर 13 वर्षं झालेली. खरंखुरं पोर्ट केलं असतं तरी त्या वर्षांचा फायदा जुन्या रकमेपुरताच मिळाला असता, वाढीव रकमेला प्रतीक्षा काळ नव्याने लागतो. हेही त्याने सांगितलं नव्हतं.

बिल 3 लाख 40 हजार. एफडी मोडली. घरी आणल्यावर आईजवळ चोवीस तास मावशी ठेवल्या, दिवसाला 1,000. "घरचं केअरसुद्धा कव्हर आहे," असं तो म्हणाला होता. पॉलिसीत होतं ते डॉक्टरांनी सांगितलेले घरचे उपचार. आंघोळ घालणं, धरून चालवणं त्यात येत नाही. यात एक चूक निव्वळ माझी. आई सत्तरीच्या पुढची, उत्पन्नाची अट नसलेलं, सरकारच्या आयुष्मान योजनेचं 5 लाखांचं कार्ड तिला मिळालं असतं. खासगी पॉलिसी असली तरी मिळतं. आम्ही काढलंच नाही.

आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहिलं. उत्तर आलं, "ओटीपी आपणच दिला." महिनाभराने पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्यांकडे, अर्ज केला. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सोबत त्या एजंटचे व्हॉट्सॲप मेसेज जोडलेत, ‘पोर्ट केलंय दादा’ हा सगळ्यात वर. तेवढं तोंडी राहिलं नाही, हे नशीब.

तुमच्या आईवडिलांची पॉलिसी अलीकडेच बदलली असेल तर आज रात्रीच ती पीडीएफ उघडा. ‘पूर्वीची पॉलिसी’ हा रकाना आधी बघा, मग आजारांचे. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. आमच्या वेळी 15 च होते आणि मी ते हप्ता भरल्याच्या समाधानात घालवले.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. संक्रांतीला तिने त्याच्यासाठी वडीची डबी काढून ठेवली होती. दोनदा विचारलं, तो पोरगा यंदा आला नाही का रे?