काळ्या घोड्यासाठी पांढरी जाळीची झूल: पैसे वसूल, पण माप बघून

मुश्की, म्हणजे काळा, घोडा उन्हात तांबूस पडू नये म्हणून ही झूल खरंच कामाची. विकत घेताना जाळी उन्हाकडे धरा. पलीकडची बोटं स्वच्छ दिसली तर ती फक्त माश्यांपुरती. माप छातीच्या मध्यापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत, शेपटीपाशी, घ्या, नाहीतर खांद्यावरचे केस घासून जातात. मान झाकणारीच घ्या, नाहीतर मान तांबडी आणि अंग काळं असं दुरंगी जनावर दिसतं.

सर्रास होणारी चूक म्हणजे घामावरच झूल चढवणं. घामातलं मीठ आणि ऊन मिळून रंग उडवतात. आधी साध्या पाण्यानं धुवा, निथळवा, वाळू द्या. ११ ते ४ घोडा पागेतच बरा. एवढं करूनही केसांची टोकं तांबडी राहिली तर खुराकातलं तांबं आणि जस्त तपासून घ्या. तिथे झुलीचा इलाज नाही.