इंग्लंडमधलं एमएस्सीचं वर्ष : माणसांना पाच तारे, कारभाराला दोन

सप्टेंबर 2024 ते सप्टेंबर 2025 मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं एमएस्सी केलं. मी मूळची बार्शीची, दातांची डॉक्टर. बँकेचं कर्ज काढून गेले होते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, पण जे बघितलं ते पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना कळायला हवं.

शिकवणं उत्तम होतं. मी आकडेवारीत कच्ची. लायब्ररीत आकडेवारीसाठी मदतकक्ष होता, आज वेळ मागितली की परवा मिळायची. अर्धा तास, आपल्याच डेटावर, शेजारी बसून. तिथल्या सरांनी मी काय शिकून आलेय ते आधी विचारलं आणि मग लॉजिस्टिक रिग्रेशन ही आकडेवारीची पद्धत तंबाखू आणि तोंडाच्या कर्करोगाच्या उदाहरणावर समजावलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला जमेल.

आणि विभागाच्या ऑफिसातल्या मॅडम. तिथे सगळे त्यांना नावाने हाक मारायचे, मला ते कधी जमलं नाही. घरी कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या घरपट्टीचं बिल आलं, तेव्हा ते माफ व्हावं म्हणून विद्यार्थी असल्याचं पत्र त्यांनी दहा मिनिटांत काढून दिलं. बाबांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा असाइनमेंटच्या मुदतवाढीचा अर्ज त्यांनी माझ्याशेजारी बसून भरून घेतला आणि मग विचारलं, "जेवलीस का?"

फेब्रुवारीत नोकरकपातीचा ईमेल आला. मदतकक्ष आणि मॅडमचं पद, दोन्ही यादीत. जानेवारीतच कार्डिफ विद्यापीठाने 400 पदं कमी करण्याचा प्रस्ताव जाहीर केला होता, त्यामुळे ही लाट सगळीकडे आहे हे कळत होतं. कारणंही खरी आहेत. इंग्लंडमधल्या स्थानिक विद्यार्थ्यांची फी 2017 पासून 9,250 पौंडांवर अडकलेली होती, महागाई मात्र थांबली नव्हती. तूट भरून निघायची ती आपल्यासारख्यांच्या फीतून. जानेवारी 2024 पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सला नवरा-बायको, मुलं सोबत नेता येईनात आणि बाहेरून येणारे कमी झाले. पण म्हणून ज्यांच्या जिवावर आम्ही शिकतो त्यांनाच आधी काढायचं, हे मला पटलं नाही, आजही पटत नाही.

विद्यार्थ्यांनी बुधवारी दुपारी लायब्ररीच्या पायऱ्यांवर निदर्शनं ठेवली. आमच्या मराठी ग्रुपवर बहुतेकांचं म्हणणं, आपण पाहुणे, व्हिसाची भानगड नको. भीती मलाही होती. स्टुडंट्स युनियनच्या सल्लाकेंद्रात जाऊन विचारलं. शांततेने उभं राहायला विद्यार्थी व्हिसा आड येत नाही, हजेरी सांभाळ, एवढंच ते म्हणाले. मी गेले. प्राध्यापकांच्या युनियनचे गुलाबी झेंडे, बारीक पाऊस, आम्ही साठ-सत्तर जण. माझ्या पुठ्ठ्यावर मी इंग्रजीत आणि खाली मराठीत लिहिलं होतं, "त्यांची नोकरी, आमचं शिक्षण." मॅडम खिडकीत आल्या, हात केला आणि आत गेल्या.

आम्ही सह्या गोळा केल्या, आठवडाभरात सातशेच्या वर. मदतकक्ष पूर्ण बंद झाला नाही, पण तिघांच्या जागी एकच माणूस उरला. जूनमध्ये, ऐन डिझर्टेशनच्या (शेवटच्या प्रबंधाच्या) वेळी, मला भेटीची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. माझ्या सुपरवायझरनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, नव्यांकडे आधीच अठरा विद्यार्थी होते. मॅडमची खुर्ची वाचली नाही. त्यांच्या काउंटरवर आता क्यूआर कोडचा फलक आहे. मी तो एकदा स्कॅन केला, उत्तर नऊ दिवसांनी आलं.

जाणाऱ्यांनी डिपॉझिट भरण्याआधी विभागाला थेट लिहून विचारा : सुपरवायझरकडे किती विद्यार्थी असतात, यंदा किती जण नोकरी सोडून गेले, अडचण आली तर कुठल्या खोलीत, कोणाला भेटायचं. ब्रोशरमधली रँकिंग नंतर बघा. आणि तिथे असताना कपातीचा ईमेल आला, तर पायऱ्यांवर जा. मी पुन्हा जाईन.