शोधगंगा रिव्ह्यू : नर्सिंग आणि एमएडवाल्यांनो, प्रबंधाचं परिशिष्ट आधी उघडा

शोधगंगा, म्हणजे देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचायला देणारी साइट, हे नाव रिसर्च करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर असतं, गाइड पहिल्याच मीटिंगला सांगतात की जा शोधगंगावर बघून या, मग पोरं जातात, टायटल टाकतात, चार अ‍ॅबस्ट्रॅक्ट उचलून "संबंधित साहित्याचा आढावा" भरतात आणि साइट बंद करतात. मी नर्सिंग कॉलेजला कम्युनिटी हेल्थ शिकवते, माझी जाऊ शिक्षिका आहे आणि सध्या एमएड करतेय, त्यामुळे आमच्या घरात आरोग्य आणि शिक्षण दोन्हीकडचे प्रबंध कायम कुठल्या ना कुठल्या लॅपटॉपवर उघडे असतात. एवढा वापर झाल्यावर वाटलं की एकदा नीट लिहावं, कारण या साइटवर जे खरं सोनं आहे तिथपर्यंत बहुतेक जण पोचतच नाहीत.

आधी थोडक्यात माहिती. ही साइट गांधीनगरचं इन्फ्लिबनेट सेंटर, म्हणजे विद्यापीठांच्या लायब्रऱ्या जोडणारं केंद्र, चालवतं. या सेंटरची सुरुवात १९९१ मध्ये आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेखालचा एक प्रकल्प म्हणून झाली होती, १९९६ मध्ये ते स्वतंत्र झालं, हे पुण्यातल्या पण फार लोकांना माहीत नसतं. २००९ च्या यूजीसी नियमांनी पीएचडीचा प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करणं आलं आणि त्यातूनच हा साठा वाढत गेला, आज तिथे देशभरातले पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. पुणे, मुंबई, शिवाजी, एसएनडीटी, आपल्याकडची ही सगळी विद्यापीठं तिथे आहेत. वाचायला एक रुपया लागत नाही. हे सगळं पूर्वी बघायचं म्हणजे त्या त्या विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन, पत्र दाखवून, तिथेच बसून हाताने उतरवून घ्यायचं होतं, आमच्या मॅडम लोकांनी असंच केलेलं आहे.

प्रबंध एका फाइलमध्ये नसतो, तुकड्यांत असतो, टायटल वेगळं, सर्टिफिकेट वेगळं, प्रत्येक प्रकरण वेगळं, संदर्भसूची वेगळी, आणि बऱ्याच प्रबंधांना शेवटी ८० आकड्याने सुरू होणारी रेकमेंडेशनची फाइल असते ज्यात निष्कर्षाचं प्रकरण असतं. नेट स्लो असेल तर हे तुकडे बरे पडतात, जे हवं तेवढंच उतरवता येतं. पोरं ती ८० वाली फाइल वाचतात आणि थांबतात. माझं म्हणणं आहे की उलटं करा, आधी परिशिष्ट उघडा.

कारण काय, तर जर्नलमधला पेपर सहा-आठ पानांचा असतो, त्यात लिहिलेलं असतं "स्वनिर्मित प्रश्नावली वापरली" आणि विषय संपतो. ती प्रश्नावली कशी होती, प्रश्न किती अवघड होते, कोणत्या मुद्द्यावर किती प्रश्न होते, काहीच कळत नाही. प्रबंधाच्या परिशिष्टात मात्र ती अख्खी असते, आणि आपल्याकडच्या प्रबंधांत बऱ्याचदा मराठीत असते. पुढे ब्लूप्रिंट, म्हणजे कोणत्या मुद्द्यावर किती प्रश्न याचा आराखडा, असतं, तज्ज्ञांना तपासायला पाठवलेलं पत्र असतं, संमतीपत्राचा मराठी नमुना असतो, शाळेच्या मुख्याध्यापकांकडून घेतलेली परवानगी असते. नर्सिंगच्या प्रबंधात तर पूर्ण लेसन प्लॅन असतो, वेळ, उद्दिष्ट, आशय, शिक्षकाची कृती, विद्यार्थ्याची कृती, एव्ही एड्स, मूल्यमापन, सगळे कॉलम भरलेले. ज्या मुलीने आयुष्यात कधी गावात जाऊन हेल्थ टॉक दिलेला नाही तिला हे एक परिशिष्ट जे शिकवतं ते माझ्या लेक्चरनेही होत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

आणि कुठे कुठे शेवटी मास्टर शीट असते. म्हणजे प्रत्येक सहभागी व्यक्तीला एक नंबर आणि पुढे तिचे पूर्व चाचणीचे आणि उत्तर चाचणीचे गुण. आमच्या थर्ड इयरच्या मुलींना मी अशीच एक शीट दिली, किशोरवयीन मुलींच्या आहाराच्या ज्ञानावरची, आणि म्हटलं हे एक्सेलमध्ये भरा आणि मध्यमान (सरासरी), प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत), टी मूल्य (सरासरीतला फरक नुसता योगायोगाचा आहे का हे तपासायचा आकडा) तुम्ही काढा. स्टॅटिस्टिक्स म्हटलं की ज्यांचा चेहरा पडतो त्या मुली त्या दिवशी जेवणाची सुट्टी विसरल्या, कारण आकडे खरे होते, समोर होते, आणि उत्तर प्रबंधातल्या तक्त्याशी जुळतंय का हे बघायचं होतं. जुळलं. मग एकीने विचारलं की मॅडम जवळपास सगळ्यांचेच गुण वाढलेत, हा आपल्या शिकवण्याचा परिणाम की तोच पेपर परत दिल्याचा? मला याहून चांगला प्रश्न कुणी विचारू शकला नसता.

कारण हाच आपल्याकडच्या शिक्षण आणि आरोग्य दोन्हीकडच्या संशोधनाचा दुखरा भाग आहे आणि शोधगंगावर थोडा वेळ घालवला की तो स्पष्ट दिसतो. "अमुक विषयावरील नियोजित शिक्षण कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास" या साच्यातली टायटल्स ढिगाने मिळतात, नर्सिंगमध्ये पण आणि एज्युकेशनमध्ये पण. पूर्व चाचणी घ्या, शिकवा, आठवड्याने तीच प्रश्नावली परत द्या, गुण वाढले, शून्य परिकल्पनेचा, म्हणजे "काही फरक पडत नाही" या गृहीतकाचा, त्याग, कार्यक्रम परिणामकारक. नियंत्रित गट, म्हणजे कार्यक्रम न दिलेला तुलनेचा गट, नाही. मग कसं कळणार की मुलींनी मधल्या आठवड्यात एकमेकींना उत्तरं विचारली का, किंवा प्रश्न आठवत होते म्हणून गुण आले का? आणि वाढलं ते ज्ञान, ते पण आठ दिवसांनी मोजलेलं, सहा महिन्यांनी त्या मुलीच्या ताटात पालेभाजी आली का, तिचं हिमोग्लोबिन वाढलं का, हे कुणी बघितलंच नाही. पदवीची मुदत असते, पैसे स्वतःचे असतात, परवानग्या मिळत नाहीत, मला सगळं मान्य आहे, मी स्वतः त्याच रांगेतली आहे, पण निदान एक शेजारची शाळा नियंत्रित गट म्हणून घेणं आणि अभ्यास संपल्यावर तिथेही तोच कार्यक्रम देणं हे जमण्यासारखं आहे, आणि असं केलेले प्रबंधही शोधगंगावर आहेत, ते शोधून वाचा.

चांगला नमुना बघायचा तर लांब जायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या टीमने घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा जो अभ्यास केला तो १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला, त्यात ३९ गावांत कार्यक्रम आणि ४७ गावं तुलनेसाठी होती, आणि मोजलं काय तर आयांचे प्रश्नावलीतले गुण नव्हे तर बाळं जगली का हे. नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी खाली आला. गावातल्याच बायकांना शिकवून, त्यांनी आयांना समजावून, म्हणजे आरोग्य आणि शिक्षण एकाच कामात. हा पीएचडीचा प्रबंध नाही, एवढं मोठं काम एकट्या विद्यार्थ्याकडून होणार पण नाही, पण तुलना कशाशी करायची आणि शेवटी मोजायचं काय, हे दोन प्रश्न आपल्या छोट्या अभ्यासालाही लागू आहेतच की.

एक झटपट तपासणी सांगते जी शोधगंगावरचा कुठलाही असा प्रबंध वाचताना करायची. तक्त्यात टी मूल्याशेजारची स्वाधीनता मात्रा (डिग्री ऑफ फ्रीडम, df) बघा, एकाच गटाची दोनदा चाचणी असेल तर ती मुलांच्या संख्येपेक्षा एकने कमी असते. ६० मुलांची आधी आणि नंतर चाचणी घेतली असेल तर ती ५९ पाहिजे. तिथे ११८ लिहिलं असेल तर संशोधकाने त्याच मुलांना दोन वेगळे गट समजून टी मूल्य काढलंय, म्हणजे परीक्षिका (टी चाचणीचा प्रकार) चुकीची निवडली आहे. माझ्या जावेने हे शिकल्यापासून ती आधी तो तक्ता बघते आणि मग ठरवते की हा प्रबंध आढाव्यात घ्यायचा की नाही.

आता त्रास कुठे होतो ते पण सांगते, आणि तो मुख्यतः अपलोड करणाऱ्यांच्या बाजूचा आहे कारण फाइली विद्यापीठं टाकतात. मला नेमकं हवं होतं ते परिशिष्ट एका विद्यापीठाने चढवलंच नव्हतं, बाकी सगळी प्रकरणं होती, संदर्भसूची होती, पण साधनं नाहीत. फार जीव तळमळला. अजून एकीकडे स्कॅन इतकं वाकडं की तक्त्याचा डावा कॉलम कापला गेलेला. मराठी प्रबंधांचं तर वेगळंच आहे, जुने प्रबंध जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले, त्यामुळे मजकुरात शोधायला गेलं की काही सापडत नाही आणि कॉपी केलं की चिन्हांचा गोंधळ हातात येतो. मराठी प्रबंधांची टायटल्स कधी देवनागरीत तर कधी इंग्रजी अक्षरांत मराठी अशी नोंदवलेली असतात, त्यामुळे एकच विषय तीन प्रकारे टाकून बघावा लागतो. माझा उपाय असा की सर्च बॉक्सवर फार विसंबायचं नाही, विद्यापीठ निवडायचं, मग विभाग निवडायचा, आणि सरळ यादी वाचत जायचं किंवा गाइडच्या नावाने बघायचं. वेळ जातो पण हाताला लागतं.

अजून दोन गोष्टी माहीत असू द्या. इथे पीएचडी आणि एमफिलचे प्रबंध असतात, एमएस्सी नर्सिंगची किंवा एमएडची डेझर्टेशन्स इथे शोधत बसू नका, ती आपापल्या कॉलेजच्या लायब्ररीतच. आणि कोणता विषय सध्या कुणी घेतलाय हे बघायचं तर शोधगंगोत्री म्हणून वेगळी साइट आहे, तिथे चालू पीएचडींचे आराखडे असतात, विषय ठरवायच्या आधी तिथे एक चक्कर माराच.

खाजगी विनाअनुदानित कॉलेजातल्या लोकांसाठी हे सगळं जास्तच महत्त्वाचं आहे. २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे संस्थांना जर्नल्स वाचायला देणारी सरकारी योजना, सुरू झालं, केंद्राने तीन वर्षांसाठी ६००० कोटी ठेवले, ३० प्रकाशकांची जवळपास १३००० जर्नल्स, फार मोठी गोष्ट आहे, पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. आपल्याकडची किती नर्सिंग आणि बीएड कॉलेजं खाजगी आहेत हे वेगळं सांगायला नको. त्या मुलींना लॉगिन नाही. त्यांच्यासाठी आरोग्याचे पेपर फुकट देणारी पबमेड सेंट्रल साइट, शिक्षणासाठी एरिक हा शिक्षणविषयक लेखांचा साठा, आणि भारतीय, त्यातही मराठी संदर्भासाठी शोधगंगा, एवढंच फुकट आणि भरवशाचं आहे. ताजे निष्कर्ष पबमेडवर बघायचे, आपल्या मातीतलं साधन शोधगंगावर, अशी वाटणी केली की काम सोपं होतं.

माझ्याकडून ४/५. एक कमी केला तो परिशिष्टं न चढवणाऱ्या विद्यापीठांमुळे, तेवढं सक्तीचं झालं तर मी पाच देईन.

आणि साधन मिळालं म्हणून लगेच झेरॉक्स काढून वापरायला घेऊ नका. संशोधकाने स्वतः तयार केलेली प्रश्नावली असेल तर त्यांना किंवा गाइडना मेल टाकून परवानगी मागा, मला तरी आजपर्यंत लोकांनी आनंदाने दिली आहे, एका मॅडमनी तर गुणदानाची किल्ली पण पाठवली. पण परिशिष्टात कधी कधी दुसऱ्या कुणाची प्रमाणित मापनी पण लावलेली असते, ती प्रबंधात आहे म्हणून मोफत होत नाही. नैराश्य मोजायची बेक इन्व्हेंटरी विकत घ्यावी लागते, उलट पीएचक्यू-९ ही नैराश्याचीच नऊ प्रश्नांची प्रश्नावली परवानगीशिवाय वापरता येते. एथिक्स कमिटीला प्रपोजल देण्याआधी हे तपासा, आणि परवानगीच्या मेलची प्रिंट प्रपोजलच्या मागे जोडा.