बार्शीत भाड्यानं बीबीएफ पेरणी करून घेतली, माझा अनुभव

2023 ला आमचा बार्शी तालुका दुष्काळी जाहीर झाला आणि 2025 ला मे महिन्यातच पाऊस सुरू, सप्टेंबरात तर जिल्ह्यात सीनेला पूर, म्हणजे एकाच रानाला कधी पाणी साठवायचंय तर कधी काढून द्यायचंय. म्हणून 2025 च्या खरिपात 2 एकर सोयाबीन बीबीएफनं (ब्रॉड बेड फरो, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडणारं ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र) पेरून घेतलं आणि शेजारचा 1 एकर मुद्दाम नेहमीसारखा सपाट ठेवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे यंत्र रुंद वरंबा करतं, त्यावर 4 ओळी पेरतं आणि दोन्ही बाजूला सरी पाडतं. थोडा पाऊस झाला तर पाणी सरीत मुरतं, जास्त झाला तर सरीनं निघून जातं. बियाणं पण कमी लागलं, सपाटला एकरी 30 किलोची अख्खी बॅग गेली, इथं 22 किलोत भागलं.

मधल्या उघडिपीत खरा फरक दिसला. आमचं काळं रान, भेगा पडायला लागल्या, सपाटवरचं सोयाबीन दुपारी माना टाकायचं आणि वरंब्यावरचं तसंच उभं. नंतर सप्टेंबरात सपाटात 4 दिवस पाणी तुंबलं, शेंगा काळ्या पडल्या. बीबीएफमध्ये मी सऱ्यांची तोंडं आधीच ओढ्याकडं काढून दिली होती, तिथं दुसऱ्या दिवशी पाणी नव्हतं. एवढं कराच, नाहीतर सरीतच तळं होतं. शेवटी बीबीएफचं एकरी 6 क्विंटल निघालं, सपाटचं साडेतीन.

आता सर्व्हिसचं. मशीन चांगलंय पण माणसं वेळ पाळत नाहीत. सोमवारी येतो म्हणाले आणि आले बुधवारी, तोवर वरचा वापसा (पेरणीजोगी ओल) उडत चालला होता, त्यात ड्रायव्हर इतका घाईत की बांधाकडच्या ओळींना बी खोल गेलं आणि तिथं उगवण विरळच झाली. सोयाबीनचं बी 3-4 सेंमीच्या खाली जाऊ द्यायचं नाही, हे त्याला मला सांगावं लागलं. भाडं साध्या पेरणीपेक्षा एकरी 300 जास्त घेतलं, त्याबद्दल तक्रार नाही. कोळपणीला (ओळींमधलं तण काढायला) मात्र अडचण आली, आमचं बैलाचं कोळपं त्या मापात बसेना, एक खुरपण वाढली.

5 पैकी 4 स्टार, एक वेळेसाठी कापला. मशीनसाठी नंबर रोहिणी नक्षत्रातच लावून ठेवा आणि पहिल्या दोन फेऱ्या पेरून झाल्या की ट्रॅक्टर थांबवून बी उकरून बघा, मगच पुढं जाऊ द्या. रब्बीचा हरभरा पण मी यांच्याकडूनच पेरून घेतला, त्या वेळी मी स्वतः ट्रॅक्टरच्या मागं चालत होतो, उगवण एकसारखी झाली.