बिडाचा तवा, मालवणची हवा आणि आठ महिने

एप्रिलमध्ये मी १२ इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा घेतला. सपाट, दोन्ही बाजूंना कान असलेला. घरच्या काट्यावर २ किलो ९०० ग्रॅम भरला. आता डिसेंबर चालू आहे. मधल्या काळात आठवड्यातून चार-पाच दिवस तरी तो गॅसवर चढला, म्हणून आता लिहायला बसले. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर "घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं.

आमचं घर मालवणजवळ, समुद्र दहा मिनिटांच्या चालीवर. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि लेक. तवा आला तेव्हा ती सहा महिन्यांची होती, नुकतंच वरचं खाणं सुरू झालं होतं. जुन्या नॉनस्टिकचा थर मधोमध सोलून निघाला होता आणि त्यावरचं काही तिच्या पोटात जावं असं मला अजिबात वाटेना. माझं माहेर कोल्हापूरचं. तिकडे तवा म्हणजे भाकरीचा पातळ लोखंडी तवा. घावन, आंबोळी हे सगळं मी लग्नानंतर शिकले.

दुकानदाराने सांगितलं, तवा तयार करूनच आलाय, घरी न्या आणि लगेच वापरा. तसं काही नव्हतं. पहिलं घावन असं चिकटलं की उलथन्याने खरवडून काढावं लागलं. दुसरं, तिसरं तसंच. सासूबाईंनी तवा हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला. काळसर तेलकट मळ अंगठ्याला आला. म्हणाल्या, "पयले ह्या काढ गो बाय."

आधी गरम पाणी आणि साबणाने घासून तो मेणचट थर काढला. मग उकड्या तांदळाची पेज केली की तिचं वरचं पाणी तव्यात ओतून रात्रभर ठेवायचं, सकाळी नारळाच्या सोडणाने घासून टाकायचं, असं तीन दिवस. पहिल्या सकाळी पाणी काळंमिट्ट निघालं, तिसऱ्या दिवशी फक्त राखाडी. मग लगेच पुसून, गॅसवर कोरडा करून तेलाचा हात.

इथे मी एक चूक केली, ती सविस्तर सांगते, कारण कोकणात ती कुणाकडूनही होईल. घरचं घाणीचं खोबरेल होतं, तेच लावलं. तवा चमकला, पण दोन दिवसांनी हात लावला तर चिकट, आणि आठवड्याने खवट वास. कोल्हापूरच्या मामांना फोन केला. त्यांनी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत बरीच वर्षं काढली आहेत. ते म्हणाले, तव्यावर बसतो तो थर म्हणजे तापून वाळलेलं तेल, रंगाच्या वार्निशसारखं. जे तेल हवेत वाळतं तेच कडक बसतं. खोबरेलात जवळपास नव्वद टक्के संपृक्त चरबी, ते नीट वाळतच नाही. जवसाचं तेल सगळ्यात लवकर वाळतं, पण त्याचे पापुद्रे निघतात अशी तक्रार बरेच जण करतात. मी सूर्यफुलाचं घेतलं. फडक्यावर अगदी थेंबभर, सगळीकडे लावून, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने जणू चुकून लागलंय असं पुसून काढायचं. धूर येईपर्यंत तापवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, पुन्हा लावायचं. अशा सहा फेऱ्या मी दोन दिवसांत केल्या. तेल जास्त राहिलं की तिथे डाग पडून चिकट होतो, हेही तेव्हाच कळलं.

मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला फार उपयोगी पडली. बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं, बीड ११५० ते १२०० च्या आसपास, म्हणून ते साच्यात ओतायला सोपं. पण तोच कार्बन आत ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो, म्हणून बीड वाकत नाही, तडकतं. तापलेल्या तव्यावर गार पाणी मारायचं नाही, लादीवर पाडायचं नाही. आमच्या शेजारच्या काकूंचा तवा मोरीत गरम असतानाच नळाखाली धरल्यामुळे तडकला होता. तो तडा मी स्वतः पाहिलाय, केसाएवढा, पण कडेपासून मध्यापर्यंत.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा घावन आपणहून सुटलं. मला तो दिवस चांगला आठवतो. बारीक आचेवर सात-आठ मिनिटं तवा तापू दिला. पाण्याचे चार थेंब शिंपडले, ते चुर्र न होता मोत्यासारखे तव्यावर पळाले. अर्ध्या कांद्याला काटा खुपसून तो तेलात बुडवला आणि तव्यावर फिरवला. पीठ ताकापेक्षाही पातळ, त्यात फक्त मीठ. दरवेळी तळापासून ढवळायचं, कारण तांदळाचं पीठ खाली बसतं. वाटी थोडी उंच धरून कडेकडून आत ओतत आले. पीठ तव्याला टेकलं त्याच क्षणी जाळी पडत गेली, पाऊस मातीवर पडावा तशी भोकं. झाकण मिनिटभर. उघडलं तर कडा वर आलेल्या होत्या. उलथनं लावायलाही लागलं नाही, बोटांनी उचललं. पांढरंशुभ्र, लुसलुशीत. लेकीला त्याचा मऊ मधला भाग नारळाच्या रसात कुस्करून दिला. तिने सगळा खाल्ला आणि वाटी हातात घेऊन चाटली.

त्यानंतरही पहिलं घावन बहुतेक वेळा फाटतंच. सासूबाईंचं म्हणणं, "पयला तव्याचा, तुझा नाय." आता मी ते मोजतच नाही.

आंबोळी याहून सोपी. उडदाची डाळ आणि मेथीमुळे पीठ धरून राहतं, आणि सावकाश तापवलेलं बीड उष्णता बराच वेळ धरून ठेवत असल्यामुळे आंबोळीला खालून एकसारखा बदामी रंग येतो. नॉनस्टिकवर तो रंग मला कधी मिळाला नव्हता. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ असली की आमच्याकडे दहा-बारा आंबोळ्या सहज उठतात, आणि तवा एकदा तापला की शेवटच्या आंबोळीपर्यंत आच बारीकच ठेवते. भाकरी मात्र यावर अजिबात नको. कोरड्या आचेने आणि वरून फिरवलेल्या पाण्याने थर निघतो. टोमॅटो ऑम्लेट एकदा केलं, आंबटाने मध्येच करड्या रंगाचा डाग पडला. आमसूल, चिंच, टोमॅटो यांना स्टीलचा टोप बरा.

आता पावसाळ्याबद्दल. या परीक्षणातला हाच खरा भाग. जूनच्या शेवटी मी आठ दिवस माहेरी गेले. जाताना तवा वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांडणीच्या खालच्या फळीवर ठेवला. आले तर कागद तव्याला चिकटलेला आणि खाली नारिंगी गंज, हातावर हळदीसारखा उतरणारा. मला रडू आलं. दोन महिन्यांची मेहनत होती. खारी हवा, त्यात जूनची ओल, आणि मी ती ओल पिशवीत कोंडून ठेवली होती. जाडं मीठ आणि तेल घेऊन सोडणाने अर्धा तास घासलं, पुसलं, परत चार फेऱ्या तेलाच्या. तवा पूर्ववत झाला. बिडाची ही मोठी जमेची बाजू, गंजला म्हणून तो फेकायचा नसतो. तेव्हापासून तवा भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो, उघडा, वारा लागेल असा. धुतला की गॅसवर दोन मिनिटं कोरडा करायचा आणि तेलाचं फडकं फिरवायचं. पावसात एकही दिवस हे चुकवलं नाही. पुन्हा गंज आला नाही.

कानांबद्दल. ते तव्याइतकेच तापतात. घरात रांगणारं, नंतर उभं राहून ओट्याची कड धरणारं लेकरू असताना ही गोष्ट छोटी नाही. मला विणकामाची आवड आहे, म्हणून घरातल्या उरलेल्या लोकरीची क्रोशाची दोन टोपणं विणली, लाल-पिवळी. दिसायला सुंदर होती. तिसऱ्याच दिवशी एक टोपण कानाला वितळून चिकटलं. लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच. माझ्या तळहाताला चटका बसला, आणि त्या क्षणी लेक कडेवर होती याची आठवण आली की अजून पोटात गोळा येतो. विणणाऱ्या बायकांनो, स्वयंपाकघरात अ‍ॅक्रिलिक वापरू नका. फक्त सुती.

मग सासूबाईंनी त्यांचं जुनं सुती लुगडं दिलं, धुऊन धुऊन रेशमासारखं मऊ झालेलं. त्याचे पाच पदर एकावर एक ठेवून गोधडीला घालतात तसा जवळजवळ धावदोरा घातला, बाहेरून आत चौकोनी. दोरा पण सुती, पॉलिस्टरचा नाही. कडेला काठाची पट्टी. अशी चार टोपणं केली, दोन वापरात, दोन धुण्यात. ओली झाली की वापरायची नाहीत, ओल्या कापडातून वाफेचा चटका जास्त बसतो. गरम तवा ठेवायला काथ्याची चुंबळ आहे, ती बाजारातून आणली. नोव्हेंबरपासून टोपणांचा काठ जरा करपलाय, बाकी शिवण घट्ट आहे.

चतुर्थीच्या वेळी एक प्रश्न आला होता. मी मे महिन्यात एकदा यावर बांगडे भाजले होते. थरात वास मुरतो, धुवून जात नाही. गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटलं करायचं तर तवा शाकाहारी हवा. दोन वेळा मीठ-तेलाने घासून, परत थर देऊन वास गेला, पण तेव्हा ठरवलं की मासळीला वेगळा तवा. तुमच्याकडे मासे आणि नैवेद्य दोन्ही असेल तर पहिल्या दिवसापासून हे ठरवून टाका.

लोह मिळतं का, हा प्रश्न मला मैत्रिणी सारख्या विचारतात. बाळंतपणात माझं हिमोग्लोबिन ९.४ होतं, त्यामुळे मी हे मनावर घेतलं होतं. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत आलंय. लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरतं हे खरं. पण ते उतरतं आंबट, ओलसर आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थात. घावन तव्यावर मिनिट-दीड मिनिट असतं, आणि तव्यावर चांगला थर असला की आणखी कमी. सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस लोह-फॉलिकच्या गोळ्या देतात, त्या मी पूर्ण घेतल्या. ऑक्टोबरमध्ये ११.८ आलं. त्याचं श्रेय मी तव्याला देणार नाही. तवा आहे म्हणून गोळ्या सोडू नका, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने लोह कमी शोषलं जातं.

गैरसोयी सांगते. जड आहे, मनगट दुखत असेल तर एका हाताने उचलता येणार नाही. बाळंतिणीने पहिले काही महिने तरी कुणाच्या मदतीशिवाय उचलू नये. तापायला वेळ लागतो, सकाळी घाईच्या डब्याला हा उपयोगाचा नाही. इंडक्शनवर चालतो, पण ओढू नका, काचेवर ओरखडे येतात. आणि आठवड्यातून एकदाच वापरणार असाल तर किनारपट्टीवर तो तुम्हाला गंजलेलाच सापडेल. रोज किंवा एक दिवसाआड घावन, आंबोळी, डोसे, थालीपीठ होत असेल तर जरूर घ्या. घेताना तळ सपाट आहे का हे काचेवर ठेवून बघा, आणि वरच्या बाजूने हात फिरवा. माझ्या तव्याला एका जागी ओतकामाचा बारीक कण राहिला होता, तो मामांनी सांगितल्याप्रमाणे पॉलिश पेपरने घासून काढला.

नणंदेला माझ्या हातची घावनं खाऊन तवा हवा झालाय. तिच्यासाठी १० इंची घेतलाय, तो आता मोरीशेजारी पेजेत आहे, आज दुसरा दिवस. पाणी अजून काळं निघतंय. लुगड्याचा उरलेला तुकडा मी बाजूला काढून ठेवलाय, त्यातून तिच्या कानांची टोपणं होतील.