न्यूपोर्ट १९५६, ड्यूक एलिंग्टन, दोन सीडींचा सेट: ठाणे लोकलमध्ये दोन आठवडे ऐकून

घेतला एकदाचा, अमेरिकन जॅझ बँडलीडर ड्यूक एलिंग्टनच्या न्यूपोर्टच्या कार्यक्रमाचा हा सेट. सेकंडहँड, ऑनलाईन. कव्हरचा कोपरा फुटलेला, सीडी धरणारे आतले दात तुटलेले, पॅकिंग म्हणजे नुसती एक प्लास्टिकची पिशवी, तिथेच एक स्टार कापला. पण सीडीवर ओरखडा नाही म्हणून गप्प बसलो, लॅपटॉपवर उतरवून फोनमध्ये टाकली आणि तेव्हापासून ठाणे ते सीएसएमटी दुसरं काही लावलेलंच नाही.

न्यूपोर्ट म्हणजे अमेरिकेतलं समुद्रकाठचं शहर, तिथे १९५४ मध्ये उन्हाळ्यातला जॅझ फेस्टिव्हल सुरू झाला. सुरू करणारा जॉर्ज वाईन, स्वतः पियानो वाजवायचा आणि बॉस्टनमध्ये स्टोरीव्हिल नावाचा क्लब चालवायचा. आपल्याकडे भीमसेनजींनी सवाई सुरू केला तो १९५३ मध्ये, म्हणजे एका वर्षाचं अंतर, आणि दोन्हीकडे मांडव घालणारा माणूस स्वतः कलाकार. वाईन वाजवायला ठीकठाक होता, त्यामुळे तुलना इथेच थांबवतो, नाहीतर पुणेकर घरी येतील.

तर ७ जुलै १९५६ ची रात्र. एलिंग्टनचे तेव्हा दिवस पडते होते, मोठ्या बँडचा जमाना संपलाय असंच लोक धरून चालले होते. त्यात बँडमधले काहीजण वेळेवर आलेच नाहीत, थोडं वाजवून थांबावं लागलं आणि परत स्टेजवर येईपर्यंत खूप उशीर, लोक उठून निघायला लागलेले (आपल्याकडे शेवटच्या लोकलसाठी उठतात ना तसे). मग त्याने १९३७ च्या दोन जुन्या रचना काढल्या, 'डिमिन्युएंडो' आणि 'क्रेसेंडो इन ब्लू', आणि दोघींच्या मध्ये बँडमधल्या पॉल गोन्साल्विसला सॅक्सोफोनवर मोकळं सोडलं. त्याने बारा बारचं (एका बारमध्ये चार मात्रा) आवर्तन सत्तावीस वेळा वाजवलं. सत्तावीस! मी ठाण्याला फास्ट पकडतो तेव्हा ट्रॅक लावतो, घाटकोपरच्या आसपास तो संपतो आणि दरवाजातली ढकलाढकली मला आज जाणवलीसुद्धा नाही.

ऐकताना मजा सॅक्सपेक्षा मागच्या आवाजात आहे. सुरुवातीला नुसती कुजबुज, मग कोणीतरी ओरडतं, मग टाळ्या, मग अख्खा मांडव उठल्यासारखा गलका, समोर एक बाई नाचायला लागली होती म्हणे आणि तिच्यामुळे सगळे पेटले. घरी स्पीकरवर लावलं तर आई किचनमधून म्हणाली, "अरे, हा श्वास कधी घेतो?" बास, यापेक्षा मोठा रिव्ह्यू मला लिहिता येणार नाही.

वाईन मात्र टेन्शनमध्ये, दंगल होईल या भीतीने बाजूला उभा राहून एलिंग्टनला आवरतं घ्यायला सांगत होता आणि एलिंग्टनने ऐकलं नाही. आयोजकाचं पण बरोबरच आहे म्हणा, परवानगी त्याच्या नावावर असते. पुढे एका ट्रॅकचं नावच 'रायट प्रिव्हेन्शन' आहे.

आता घेण्याआधी हे बघा. १९५६ च्या मूळ एलपीत बराचसा भाग नंतर स्टुडिओत परत वाजवून वर टाळ्या चिकटवलेल्या आहेत. गोन्साल्विस चुकून व्हॉईस ऑफ अमेरिका या रेडिओच्या माईकसमोर उभा राहिला, त्यामुळे एलपी काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या टेपवर तो लांबून ऐकू येतो. नंतर त्या रेडिओची टेप सापडली आणि १९९९ मध्ये, एलिंग्टनच्या जन्मशताब्दीला, दोन्ही टेप जुळवून हा सेट काढला. दोन वेगळ्या माईकचे मोनो आवाज डाव्या उजव्या कानात, म्हणून चक्क स्टिरिओ. त्यामुळे 'कंप्लीट' लिहिलंय का बघूनच घ्या, जुन्याच्या नादी लागू नका.

वैताग एकच, सुरुवातीला अमेरिकेचं राष्ट्रगीत आणि मधेमधे अनाउन्समेंट, सकाळी ८:१२ ला हे कोण ऐकणार. स्किप करा. आणि स्टुडिओतली नकली टाळ्यांची आवृत्तीपण शेवटी दिलीये, ती एकदा मुद्दाम ऐका, लगेच असलीनंतर, म्हणजे कळेल कशाला पैसे दिले ते.

वाईन २०२१ मध्ये गेला, पंचाण्णवाव्या वर्षी. फेस्टिव्हल अजून भरतो, फोर्ट अॅडम्सला, समुद्राला लागून. तिकडे जाणं काही आपल्या नशिबात नाही, सध्या मुलुंडनंतर खिडकी मिळाली तरी पुष्कळ.